आई वेळ सांगायची नाही

माझ्या आधी आईला एक मुलगा झाला होता. तो आठवडाभरसुद्धा राहिला नाही. नाव ठेवायचं राहूनच गेलं, त्यामुळे आमच्या घरात त्याला नुसतं 'पहिलं' म्हणायचे. पहिल्याच्या वेळी पत्रा गळत होता, पहिलं झालं तेव्हा तुझे अण्णा रोपं पोचवायला गेले होते, असं.

तेव्हा आई-अण्णा हडपसरजवळच्या मांजरी गावात एका नर्सरीच्या कडेला राहायचे. खताच्या गोण्या ठेवायला मालकाने शेड बांधली होती, तिच्या एका टोकाला विटांची भिंत घालून काढलेली ती खोली. भिंतीच्या पलीकडे शेणखत, अलीकडे संसार. अण्णा रोपांना पाणी द्यायचे, टेम्पो भरायचे. आई काळ्या पिशव्यांमध्ये माती भरायची. जेवढ्या पिशव्या तेवढी मजुरी, म्हणून पोट पुढे आलं तरी उकिडवं बसून भरतच राहायची. प्यायला टँकरचं पाणी, बाकी सगळ्याला कालव्याचं.

पहिलं त्याच खोलीत झालं. आईबरोबर पिशव्या भरणाऱ्या बायांनीच बाळंतपण केलं. पोर रडलं, दूध प्यायलं. मग दोन-तीन दिवसांनी त्याने ओढायचं सोडलं. पाय गार पडले. बायांनी शेक दिला, दृष्ट काढली, अंगारा लावला. दवाखान्यात न्यायचं ठरेपर्यंत न्यायला काही उरलं नव्हतं.

का गेलं, हे कोणी सांगितलं नाही, कारण कोणाला माहीतच नव्हतं. मग कारण आईने स्वतःच शोधलं. त्या वेळी कळा यायच्या आधीपासून सगळ्या नर्सरीला खबर लागली होती. येणारी-जाणारी प्रत्येक बाई दारात उभी राहून विचारायची, झालं का, अजून न्हाई? आमच्याकडे बायका मानतातच की बाळंतपण सुरू झाल्याचं जितक्या जणांना कळेल तितकं ते लांबतं. आईने त्यापुढे जाऊन ठरवलं की सगळ्यांना कळलं म्हणूनच तिचं पोर गेलं.

त्यानंतर तिने वेळ कोणाला सांगितली नाही. माझ्या वेळी तर अण्णांनाही नाही. गूळ संपलाय म्हणून त्यांना दुकानात पाठवलं आणि आत्याला बरोबर घेऊन टमटममध्ये बसून सरकारी दवाखान्यात गेली. अण्णा अजून रंगवून सांगतात, "गूळ घिऊन आलो तर खोलीला कुलूप. मला वाटलं, भांडून माहेराला गेली. आता मी तर भांडलोच न्हवतो. मग इच्यार करत बसलो, की भांडलो कधी." संध्याकाळी आत्या येऊन म्हणाली, मुलगी झाली. धाकटीच्या वेळीही तसंच.

मी जगले, धाकटी जगली. आईच्या लेखी नियम सिद्ध झाला.

पुढे मी शिकले. बी.एस्सी. झाले. हे मी जरा मोठ्यानेच सांगते, आणि का सांगू नये? आमच्या दोन्हीकडच्या नातेवाइकांत माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलं नव्हतं. आई मात्र माझ्यापेक्षा मोठ्याने सांगते. रिक्षावाल्याला पत्ता सांगतानाही मध्येच तिची मुलगी बी.एस्सी. असते. निकालाच्या दिवशी तिने शेडमधल्या सगळ्या बायांना पेढे वाटले होते आणि मातीचे हात पेढ्याला लागू नयेत म्हणून प्रत्येकीच्या तोंडात स्वतः घातले होते.

नोकरी मला टिश्यू कल्चरच्या लॅबमध्ये लागली, मांजरीतच. काचेच्या बाटलीत पांढुरक्या जेलीवर केळीचं नखाएवढं रोप वाढवायचं, एका रोपाची दहा करायची. आईला एकदा लॅब बघायला नेलं. चपला बाहेर, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, हाताला स्पिरिट. आई हात हुंगत म्हणाली, "जन्म गेला रोपं करण्यात. मी हात मातीनं भरले, तू दारूनं धुती. पगार तुला जास्त." मी तिला बाटल्या दाखवल्या. झाकण जरा जास्त वेळ उघडं राहिलं तर आत काय होतं, तेही दाखवलं: जेलीवर धुरकट थर आणि रोप काळं. आईने ती खराब बाटली उजेडात धरून बराच वेळ पाहिली. बाहेरच्या मातीत हेच रोप शेणखतात मजेत वाढतं, मग इथे एवढ्याशाने कसं मरतं, असं तिने विचारलं. मी म्हटलं, ते अजून कोवळं आहे, बाहेरचं काही सोसायची त्याला सवय नाही. आईला ते पटलं, निदान केळीच्या बाबतीत.

धाकटीचं लग्न झालं धायरीला. सासरची मंडळी मूळ तिथलीच, शेत बिल्डरला देऊन बदल्यात फ्लॅट घेतलेले. धाकटीच्या सासूबाई बोलायला खणखणीत. आमच्या आईला त्या कायम 'अहो विहीणबाई' म्हणायच्या, आणि त्या 'अहो'मध्ये आदर किती आणि टोमणा किती, याचा अंदाज आईला बरेच दिवस आला नाही. धाकटी पहिल्या बाळंतपणाला रीतीप्रमाणे आमच्याकडे आली. आता आम्ही शेडमध्ये नव्हतो. दोन खोल्यांचं भाड्याचं घर होतं, नळ होता, माझ्या पगाराचा फ्रीज होता. आई पिशव्या भरायला मात्र अजूनही जायची. घरात बसून तिला करमत नाही.

धाकटीला येऊन थोडे दिवस झाले आणि लघवीला जळजळ सुरू झाली. आईने धने-जिऱ्याचं पाणी सुरू केलं. मला दोघींपैकी एकीनेही सांगितलं नाही. माझ्या कानावर गेलं तर मी डॉक्टरकडे चला म्हणणार, आणि डॉक्टरकडे गेलं की चार लोकांना कळणार, असा आईचा हिशोब.

तारखेला अजून जवळजवळ महिना होता. शनिवारी दुपारी धाकटी मेथी निवडत बसली होती, तेव्हा तिचं पाणी गेलं. कळा नव्हत्या. मी लॅबमध्ये होते. आईने गोधडी बदलली, धाकटीला आडवं केलं आणि सांगितलं, कळा आल्या की जाऊ, तोवर तोंड उघडायचं नाही. मी संध्याकाळी घरी आले तर धाकटी झोपलेली. आई म्हणाली, दमलीय. भाजी मेथीची होती, छान झाली होती, मी दोनदा घेतली.

रविवारी सकाळी धाकटीच्या अंगात कणकण होती. आईने तिला तापाची गोळी दिली, तीही गुपचूप. मग कळा सुरू झाल्या आणि आईने मला हलवून सांगितलं, "ऊठ, रिक्षा आण. आन रिक्षावाल्याला काय सांगू नकोस." त्या माणसाने मागे वळून एकदा धाकटीकडे पाहिलं आणि दवाखान्याचा रस्ता न विचारता धरला. आई त्याच्यावर दिवसभर चिडलेली होती.

हडपसरच्या त्या दवाखान्यात डॉक्टर तरुण बाई होत्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत. त्यांनी तपासता तपासता विचारलं, पाणी कधी गेलं? आई म्हणाली, "आत्ता सकाळी." ताप? न्हाई. लघवीला जळजळ वगैरे? न्हाई. धाकटीने प्रत्येक वेळी आईकडे पाहून मान हलवली. गोळीमुळे ताप उतरलेला होता, तेव्हा हाताला काही लागलं नाही. मला वाटलं, सगळं नीट चाललंय.

दुपारी मुलगी झाली. दोन किलोच्या जरा वर, रंगाने तांबूस, डोक्यावर दाट जावळ. लगेच रडली. मॅडम म्हणाल्या, तारखेआधी आलीय, वजन कमी आहे, पण छान रडलीय. आईजवळ ठेवा, आम्ही लक्ष ठेवू. जाताना दारात थांबून त्यांनी पुन्हा विचारलं, पाणी नक्की सकाळीच गेलं ना? आई म्हणाली, व्हय.

धायरीहून विहीणबाई आल्या त्या मधाची बाटली आणि सोन्याची अंगठी घेऊनच. बाळाला सोनं उगाळून मध चाटवायचा होता. वॉर्डातल्या सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "आजी, बाळाला दूध. मध आपण घरी पोळीला लावून खा." विहीणबाई दुखावल्या. आमच्या घरात सगळ्यांना चाटवलाय, म्हणाल्या. सिस्टर म्हणाल्या, त्या सगळ्यांना मग आता डब्यात पोळी द्या. आईला मनातून फार बरं वाटलं. विहीणबाईंना गप्प बसवणारं माणूस तिने पहिल्यांदाच पाहिलं होतं.

आई चहा आणायला गेली आणि विहीणबाई खाली मुलाला, म्हणजे धाकटीच्या नवऱ्याला, फोन करायला. मी धाकटीचे केस विंचरत होते. धाकटी हळूच म्हणाली, ताई, मॅडम सारखं पाणी कधी गेलं असं का विचारतायत? मी म्हटलं, असेल काही कारण, तू खरं तेच सांगितलंस ना. तिने बाळाचं दुपटं सारखं केलं. मग म्हणाली, "काल मेथी निवडतानाच गेलं होतं, ताई. आई म्हणाली सांगायचं नाही."

फणी माझ्या हातातच राहिली. मी डॉक्टर नाही. पण एक गोष्ट दोनदा विचारणारं माणूस उगाच विचारत नाही, एवढं कळायला बी.एस्सी. लागत नाही. मी विचारत गेले तशी धाकटी एकेक सांगत गेली. जळजळ. कणकण. गोळी. तिच्या कुशीत ते तांबूस गाठोडं झोपलेलं होतं, आणि त्याच्याबद्दल डॉक्टरांना जे जे माहीत हवं होतं, ते सगळं आम्ही दडवून ठेवलेलं होतं.

आई चहा घेऊन आली. मी तिला बाहेर जिन्याजवळ घेऊन गेले. रागावून बोलायचं असं ठरवून गेले होते. पण तिच्या हातात तीन कप होते आणि चहा सांडू नये म्हणून ती इतकं जपून चालत होती, की माझा राग निम्मा तिथेच गेला.

मी म्हटलं, आई, पाणी काल गेलं ना?

"कुणी सांगितलं?"

"बाळंतपण झालंय आता. आता कशाला लपवतेस?"

तिने कप खिडकीत ठेवले. आता सांगितलं तर मॅडम सगळ्यांसमोर बोलतील, म्हणाली. विहीणबाई ऐकतील, जन्मभर पुरेल त्यांना. मग भिंतीकडे बघत म्हणाली, "आन आपल्यात सांगितलं की पोर जातं. तुला ठाव हाय."

यावर वाद घालून उपयोग नव्हता. ती ज्या गोष्टीशी बांधली गेली होती, ती माझ्या जन्माच्या आधीची होती. मी तिला बाटलीची आठवण करून दिली. म्हटलं, बाळ आत असतं तोवर झाकण घट्ट असतं. पाणी गेलं म्हणजे झाकण उघडलं. कालपासून आज दुपारपर्यंत ते उघडंच होतं, त्यात धाकटीच्या लघवीला आधीच जंतूंचा त्रास, वरून ताप. आणि बाळ आधी आलेलं, कोवळं. मॅडम म्हणूनच विचारतायत. उघडं किती वेळ होतं ते कळल्याशिवाय त्या काय करणार?

चहावर साय धरायला लागली. मग तिने विचारलं, "झाकण दोन दिवस उघडं राहिलं तर?"

मी म्हटलं, एवढा वेळ नाही झालेला.

"हिचं न्हाई इचारत. पहिल्याच्या वेळचं म्हनतीया. दोन दिवस पाणी जात हुतं माझं. कळा न्हवत्या, म्हनून पिशव्या भरत बसले."

इतक्या वर्षांनंतर खात्रीने कोण सांगणार? मी तेवढंच म्हटलं, की तसंही असेल, आई. लोकांना कळलं म्हणून गेलं नसेल. तिने पदराने तोंड पुसलं आणि ती निघाली. मला वाटलं वॉर्डात जाईल, पण ती सरळ मॅडमच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली. तिथे आणखी दोन पेशंट होते, सिस्टर होत्या आणि जिना चढून वर आलेल्या विहीणबाई होत्या. आई कोणासाठी थांबली नाही.

"मॅडम, मी खोटं बोलले," ती म्हणाली. "पाणी काल दुपारी गेलं. सकाळी अंगात ताप हुता, मी गोळी दिली. पंधरा दिवस झाले, लघवीला जळजळ हाय. हिचा काय दोष न्हाई, मी गप बसवलं हुतं."

विहीणबाई पुढे सरसावल्या. मॅडमनी मात्र पेन खाली ठेवलं आणि आईकडे नीट पाहिलं. म्हणाल्या, "आजी, सकाळी सांगितलं असतंत तर जास्त बरं झालं असतं. पण आत्ता सांगितलंत, हे फार चांगलं केलंत." आणि त्या उठल्याच. चालता चालता त्यांनी मला समजावलं: बाळ वेळेआधी आलेलं, वजन कमी, पाणी जाऊन बराच वेळ झालेला, बाळाच्या आईला ताप, लघवीचा जंतुसंसर्ग. यातलं एखादं असतं तर मी थांबून बघितलं असतं, म्हणाल्या. एवढं सगळं एकत्र असताना मी थांबत नाही. बाळाला काही होताना दिसायच्या आधीच औषध सुरू करायचं असतं, कारण इतक्या लहान बाळाला काही होतं ते दिसतं उशिरा आणि वाढतं झपाट्याने.

बाळाला काचेपलीकडच्या आतल्या खोलीत नेलं, रक्त घेतलं, हाताला नखाएवढी सुई लावून प्रतिजैविक सुरू केलं. धाकटी रडत होती, इतकी चांगली तर दिसतेय म्हणत होती. खरंच चांगली दिसत होती.

सोमवारी सकाळी बाळाने दूध ओढायचं सोडलं. श्वास भरभर चालला होता, पाय गार. आईने काचेतून पाहिलं आणि माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. पहिल्याचं असंच झालं होतं, एवढंच म्हणाली. मॅडम आल्या, तपासून गेल्या, परत आल्या. मी विचारलं तेव्हा त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की संसर्ग झालेला आहे. पण औषध कालपासून शरीरात जातंय, हा काळ आपण गमावलेला नाही, आता बघू. मी त्यांना पुढचं विचारलं नाही. त्यांनीही उगाच धीर दिला नाही, आणि त्याबद्दल मला त्या आवडल्या.

पुढचे काही दिवस आम्ही त्या काचेसमोर काढले. आत जायचं तर अंगठ्या काढून, बांगड्या वर सारून, कोपरापर्यंत हात धुवायचे, असा नियम होता. आईने तो नियम असा काही पकडला, की सिस्टरसुद्धा दबल्या. एकदा विहीणबाई नुसते हात ओले करून आत निघाल्या, तेव्हा आई दारात आडवी उभी राहिली.

"विहीणबाई, अंगठी काढा."

"अहो, सोनं आहे, सोन्याला काय होतंय?"

"सोन्याखालच्या बोटाला हुतंय. काढा."

विहीणबाईंनी अंगठी काढली. तीच, मधातली. मग दोघी शेजारी शेजारी नळावर बराच वेळ हात धूत उभ्या राहिल्या. तिथे विहीणबाईंनी खालच्या आवाजात विचारलं की तुमचं पहिलं किती दिवसांचं होऊन गेलं हो. या 'हो'मध्ये टोमणा नव्हता, हे आईला लगेच कळलं. आईने त्यांना सगळं सांगितलं. मलाही जे कधी सांगितलं नव्हतं तेही: की तो दिसायला अण्णांसारखा होता, आणि त्याची उजवी मूठ सारखी गालाखाली असायची.

धाकटी दूध काढून द्यायची, सिस्टर ते वाटी-चमच्याने थेंब थेंब पाजायच्या. सुरुवातीला निम्मं बाहेर यायचं. मग कमी यायला लागलं. मग एके दिवशी दुपारी बाळाला धाकटीच्या छातीशी दिलं आणि त्याने ओढलं. धाकटी म्हणाली, अगं, दुखतंय. आई म्हणाली, "दुखू दे, गप बस." आणि स्वतः मात्र गप्प बसेना. वॉर्डातल्या प्रत्येक खाटेशी जाऊन तिने सांगितलं की आमची ओढायला लागली.

औषधाचा कोर्स पूर्ण करूनच मॅडमनी आम्हाला सोडलं. घरी आल्यावर नाळेला हळद लावायची नाही, काही नाही, कोरडी ठेवायची, असं त्यांनी बजावलं होतं. अण्णा हळदीची वाटी घेऊन हौसेने आले, तेव्हा आईने त्यांना ती डाळीत घालायला लावली.

आईचा स्वभाव त्या आठवड्यात जो उलटला तो उलटलाच. जी बाई स्वतःच्या नवऱ्याला सांगत नव्हती, ती आता शेडमध्ये सगळ्यांदेखत विचारते. कोणाचे दिवस भरत आले की, काय गं, जळजळ हाय का, ताप हाय का, पाणी गेलं तर कळा येईस्तोवर बसू नकोस, रिक्षात बस आन् मॅडमला खरी वेळ सांग. टेम्पो भरणारे बाप्ये माना खाली घालतात. अण्णा म्हणतात, जरा हळू बोलत जा. ती म्हणते, "हळू बोलूनच घालवलं एक."

पुढे माझंही लग्न झालं, मांजरीतच, आणि धाकटीनंतर दोन वर्षांनी माझं बाळंतपण झालं. पाणी गेलं तेव्हा आई आमच्या फ्लॅटवर आलेली होती आणि मी पोळ्या लाटत होते. आईने आधी घड्याळ पाहिलं, मग माझ्या नवऱ्याला हाक मारली, मग शेजारच्या काकूंना, मग खाली वॉचमनला. रिक्षावाल्याला तिने गाव-पत्ता सांगायच्या आधी वेळ सांगितली. तो बिचारा म्हणाला, ताई, मला कशाला सांगताय? आई म्हणाली, "मी इसरले तर तुमी सांगा." दवाखान्यात पोचेपर्यंत निम्म्या मांजरीला कळलेलं होतं. बाळंतपण लांबलं नाही.

धाकटीची मुलगी आता बालवाडीत जाते, माझा मुलगा चालायला लागलाय. दोघंही ठणठणीत आहेत. आणि माझी आई जिथे पिशव्या भरते त्या शेडमधली एकही बाई त्यानंतर पाणी गेल्यावर कळांची वाट बघत घरी थांबलेली नाही.